कर्ज थकले म्हणून खाते सोडू नका

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतीमालाच्या भावाबद्दल, निर्यातबंदीबद्दल, विजेबद्दल आधीच्या वक्त्यांनी सगळे बोलून ठेवले आहे. मी एका लहान विषयावर बोलणार आहे. इतका लहान, की आपल्या ठरावांत तो बहुधा येतच नाही. विषय आहे पासबुकाचा. कर्जाच्या पासबुकाचा नव्हे, साध्या बचत खात्याच्या पासबुकाचा.

एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, कारण गाव कोणतेही घ्या. तीन एकरांचा एक शेतकरी. पीककर्ज दोन वर्षे थकलेले. अतिवृष्टी झाली, पंचनामा झाला, सरकारी मदत खात्यावर जमा झाल्याचा निरोप मोबाईलवर आला. हरभऱ्याचे बी घ्यायचे म्हणून हा बँकेत गेला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "खात्याला होल्ड आहे, साहेबांना भेटा." साहेब म्हणाले, "आधी कर्जाचे बघा." दहा माणसे ऐकत होती. हा खाली मान घालून परत आला.

इथपर्यंत तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचे ऐका. या माणसाने त्या दिवसापासून बँकेची पायरी चढायचे सोडले. खाते पडून राहिले, केवायसी राहिली, खाते बंद पडल्यासारखे झाले. कापूस विकला तेव्हा व्यापाऱ्याला म्हणाला, पैसे तुमच्याकडेच राहू द्या, लागेल तसे नेईन. एका अनुदानासाठी मेहुण्याचा खातेनंबर देऊन पाहिला, तर तो अर्ज नाव जुळत नाही म्हणून फेटाळला गेला. बँकेने त्याचे काही हजार अडवले होते. पण खाते सोडल्यामुळे गेले ते त्याहून जास्त गेले. व्यापाऱ्याकडच्या पैशाचा हिशेब तर अजून लागलेला नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. कर्ज थकले तरी खाते सोडायचे नाही. अडचणीच्या काळात तर ते आधी सांभाळायचे. ते कुठे काढायचे, कसे जिवंत ठेवायचे, बँकेचा हक्क कुठवर आणि आपला कुठून सुरू होतो, हे आज समजून घेऊ.

थकबाकी वेगळी, नादारी वेगळी

आपण सहज म्हणतो, "आमचे दिवाळे निघाले." कायद्याच्या भाषेत हप्ता थकला म्हणजे दिवाळे नव्हे. थकलेला माणूस थकबाकीदार. नादार तो, ज्याला कोर्टाने नादार ठरवले. मुंबईबाहेरच्या शेतकऱ्याला त्यासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. २०१६ साली दिवाळखोरीचा मोठा नवा कायदा झाला. पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. शेतकऱ्याच्या वाट्याला शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा राहिला.

शेतकरी आणि नादारी यांचे नाते आपल्या मुलखात जुने आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करायची नाही, हे त्या कायद्याने ठरवले, आणि शेतकऱ्यांच्या नादारीसाठी त्यात वेगळे प्रकरण घातले. इंग्रज सरकारलाही एवढे कळले होते, की बुडालेल्या शेतकऱ्याला जगायला काहीतरी सोडावे लागते. पुढे शरद जोशींच्या काळात कर्जमुक्तीच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी कोर्टात नादारीचे अर्ज दिले. लपून दिले नाहीत, चारचौघांत दिले. कर्ज का झाले, याचा जाब त्यांना विचारायचा होता.

आज कोणी त्या वाटेने जाणार असेल तर त्याने वकिलाला विचारूनच जावे. नादार ठरल्यावर मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. त्यानंतर सुटका होईपर्यंत जे मिळेल त्यावरही कोर्टाचा हक्क पोचतो. त्यामुळे बँकेतले प्रत्येक खाते कोर्टाला सांगावे लागते. लपवणे गुन्हा आहे. जमीन गहाण असेल तर गहाणदाराचा हक्क तसाच राहतो. मात्र दिवाणी कायद्याच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची शेतीची अवजारे, गरजेपुरती जनावरे आणि बियाणे, आणि राहते घर जप्तीतून वगळलेले आहे.

आता यादी नीट बघा. नांगर सोडला, बैल सोडला, बियाणे सोडले. १९०८ सालच्या कायद्याला कळत होते, की नांगर नेला तर हा पुन्हा उभा राहणार नाही. आज बियाणे, खत, मजुरी, अनुदान सगळे खात्यातून येते आणि जाते. खाते हे आजचे अवजार झाले आहे. पण त्या यादीत शेतकऱ्याचे बचत खाते नाही.

कंपनीला एक न्याय

हेच खाते कंपनीचे असते तर काय झाले असते? २०१६ च्या कायद्याप्रमाणे कंपनी बुडाली आणि प्रकरण दाखल करून घेतले गेले, की त्या दिवसापासून वसुली थांबते. कोर्टात दावे थांबतात, जप्ती थांबते. एक व्यावसायिक नेमला जातो. तो कंपनी चालू ठेवतो, कंपनीचे खाते चालवतो, पगार देतो, कच्चा माल आणतो. जुन्या कर्जापोटी बँकेला त्या खात्यातून परस्पर पैसे उचलता येत नाहीत. या कामासाठी कायद्याने १८० दिवसांची मुदत ठेवली आहे, ती ३३० दिवसांपर्यंत जाते. शेवटी बँका येणे रकमेतली मोठी सूट सोडून देतात, आणि त्याला कोणी कर्जबुडवेपणा म्हणत नाही.

मी याविरुद्ध नाही. चालता कारखाना बंद पाडून कोणाचे भले होत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की चालत्या शेतीला हाच न्याय का नाही? बुडालेल्या कंपनीला चालू खाते लागते हे ज्यांना कळते, त्यांना शेतकऱ्याच्या खात्यातले दोन हजार रुपये कसे खुपतात?

बँकेचा हक्क कुठवर

भावनेच्या भरात चुकीचे बोलून उपयोग नाही. बँकेला हक्क आहे, तो आधी मान्य करू. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बँकेचा धारणाधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली तो ठेवींच्या बाबतीतही मान्य केला. म्हणजे कर्ज ज्या बँकेचे, त्याच बँकेत त्याच माणसाचे खाते असेल आणि कर्जाची मुदत उलटली असेल, तर बँक खात्यातली रक्कम कर्जाला वळती करू शकते.

पण या हक्काला कुंपण आहे. कर्ज आणि खाते एकाच माणसाचे आणि त्याच नात्याचे असावे लागते. नवराबायकोच्या संयुक्त खात्यातले पैसे एकट्या नवऱ्याच्या कर्जाला परस्पर वळते करता येत नाहीत, असा सर्वसाधारण नियम आहे. दुसऱ्या बँकेतल्या खात्याला कर्ज देणारी बँक आपणहून हात लावू शकत नाही. त्यासाठी तिला कायद्याने वसुलीचा मार्ग धरावा लागतो. सोसायटीचे कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला घ्यावा लागतो. जामीनदारांनी मात्र लक्षात ठेवावे, की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याच बँकेत तुमचे खाते असेल तर होल्ड तुमच्या खात्यालाही लागू शकतो.

आणखी एक कुंपण सरकारी मदतीचे. अतिवृष्टी, गारपीट, दुष्काळ यांच्या मदतीचे जे शासन निर्णय महाराष्ट्र सरकार काढते, त्यांत बहुधा एक वाक्य असते, की या रकमेतून बँकांनी कोणत्याही प्रकारची वसुली करू नये. २०२४ साली महिलांच्या खात्यांत दरमहा १,५०० रुपये येऊ लागले, तेव्हाही ते कर्जापोटी कापू नका असे सरकारला बँकांना सांगावे लागले. म्हणून ज्या मदतीचे पैसे अडले, त्याच मदतीच्या शासन निर्णयाची प्रत काढा. त्या वाक्याखाली पेनाने रेघ मारा आणि अर्जाला जोडा. तोंडी भांडण नको. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. होल्ड कोणत्या तारखेला, कोणत्या कर्जापोटी, किती रकमेचा, हे लेखी मागा. तोंडी "साहेबांना भेटा" म्हणणारे लेखी उत्तर देताना विचार करतात.

खाते कुठे काढायचे

जगण्याच्या पैशाचे खाते कर्जाच्या बँकेत ठेवू नका, दुसऱ्या बँकेत काढा. यात बेकायदा काही नाही. फक्त कोर्टाने किंवा वसुली अधिकाऱ्याने जप्तीचा आदेश दिला असेल तर तो चुकवण्यासाठी पैसे हलवू नका.

बरेच जण म्हणतात, आम्ही थकबाकीदार, आम्हाला खाते कोण देणार? रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना सांगितले, की मूलभूत बचत खाते ही सर्वांना मिळणारी साधी बँकसेवा आहे. आपण त्याला झिरो बॅलन्सचे खाते म्हणतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. काढताना एक रुपयाही भरावा लागत नाही. शिल्लक शून्य झाली तरी दंड नाही. पैसे कितीही वेळा भरा, महिन्यात किमान चार वेळा फुकट काढा, एटीएम कार्ड फुकट. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेल्या जनधन योजनेतली खाती याच जातीची आहेत. कर्ज देताना बँक तुमची पत बघेल, ते तिचे काम आहे. हे खाते काढताना आपण कर्ज मागत नाही.

दोन पथ्ये पाळा. एका बँकेत असे खाते असले की त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. आणि दुसऱ्या कोणत्या बँकेत असे खाते नाही, असे बँक लिहून मागू शकते. खोटे लिहू नका. कर्जाच्या बँकेतच जनधन खाते असेल तर ते आधी बंद करा, किंवा नव्या बँकेत साधे बचत खाते काढा. ज्याच्याकडे पुरेशी कागदपत्रेच नाहीत त्याच्यासाठी "छोटे खाते" आहे. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही किंवा अंगठा देऊन ते निघते. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत, वर्षाची जमा एक लाखापर्यंत आणि महिन्याला १०,००० रुपये काढता येतात. बारा महिन्यांत कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचा पुरावा द्यावा लागतो.

खेड्यातल्या माणसाला आणखी एक सोय आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून पोस्टाची पेमेंट्स बँक चालू आहे. पोस्टमन घरी येऊन खाते काढून देतो, अंगठ्यावर पैसेही देतो. या बँकेत दिवसअखेर दोन लाखांपर्यंतच शिल्लक ठेवता येते, ती आपल्यासारख्यांना पुष्कळ झाली. आणि पेमेंट्स बँकेला स्वतः कर्ज द्यायची परवानगीच नाही. जिचे आपण देणेकरी नाही, ती आपले पैसे कोणत्या कर्जाला वळते करणार?

आधार कुठे जोडले आहे?

नवे खाते काढले आणि अनुदान मात्र जुन्याच खात्यात गेले, अशी तक्रार गावोगाव आहे. यात फसगत आहे ती "आधार लिंक" या शब्दाची. आधार जोडणे दोन प्रकारचे असते. एक ओळख पटवण्यासाठी बँकेला दिलेले आधार. ते दहा बँकांत देता येते. दुसरे, अनुदान कोणत्या बँकेत जावे यासाठी केलेली जोडणी. ती एका वेळी एकाच बँकेशी असते आणि शेवटी जिथे केली तीच चालते. किसान सन्मान निधीसारखे आधारवरून येणारे पैसे त्या जोडणीप्रमाणे जातात, अर्जात कोणताही खातेनंबर लिहिला असला तरी. म्हणून नवे खाते काढल्याबरोबर "माझे अनुदान याच खात्यात यावे" असा संमतीअर्ज तिथे भरून द्या, आणि जोडणी झाली की नाही ते आधारच्या संकेतस्थळावर पोराकडून बघून घ्या.

किसान क्रेडिट कार्डाचा नंबर मात्र बचत खात्याचा म्हणून कोणत्याही अर्जात लिहू नका. ते कर्जखाते आहे. त्यात पडलेला रुपया आधी कर्ज कमी करतो.

खाते जिवंत ठेवायचे

गाभण गाय विकत आणून दाव्याला बांधली आणि वैरण टाकायला विसरलो, असे आपण करतो का? खात्याचेही तसेच आहे. दोन वर्षे आपण काही देवघेव केली नाही तर खाते निष्क्रिय होते. म्हणून चारसहा महिन्यांनी शंभर रुपये भरा किंवा काढा. निष्क्रिय झालेच तर केवायसी देऊन पुन्हा चालू करा, त्याचे शुल्क घेता येत नाही. केवायसीची मुदत साध्या ग्राहकाला दहा वर्षांची असते. पत्ता बदलला नसेल तर "बदल नाही" असे लिहून दिले की पुरते.

ऑटोडेबिट बघा. ट्रॅक्टरचा, मोबाईलचा, बचतगटाचा, फायनान्स कंपनीचा हप्ता या खात्याला बांधू नका. खात्यात पैसे नसताना हप्ता आला की परत जाण्याचा दंड बसतो, आणि चेकसारखी फौजदारी तक्रारही होऊ शकते. कोरे सही केलेले चेक कोणाकडे ठेवू नका. साखर कारखान्याकडे किंवा सोसायटीकडे कपातीचे संमतीपत्र देताना किती रकमेचे आणि किती हंगामांचे ते वाचून सही करा.

आणि आपले खाते कोणालाही वापरायला देऊ नका. "तुझ्या खात्यात पैसे येतील, त्यातले हजार तू ठेव" म्हणणारे लोक आता गावात येतात. ते पैसे फसवणुकीचे निघाले की पोलीस खाते गोठवतात. त्याबरोबर आपले अनुदानही गोठते.

मायबहिणींना

घरातल्या बाईचे खाते तिच्या एकटीच्या नावाचे असू द्या. नवऱ्याच्या कर्जावर ती सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर तिच्या खात्यातून ते कर्ज फेडून घेता येत नाही. आणि ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरच्या बाईला मी हात जोडून सांगतो, की घाईने कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नका. वारसाची जबाबदारी वारसाने आलेल्या मालमत्तेपुरती असते. तुमच्या मजुरीचा पैसा, तुमच्या खात्यावर आलेली मदत, हे त्यात येत नाही. पण "मी फेडीन" असे लिहून दिले तर ते कर्ज तुमचे होऊन बसते.

दाद कुठे मागायची

पहिला अर्ज शाखेत, पोच घेऊन. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेले चालते. १४४४८ या नंबरवर चौकशी करता येते.

कर्जाचे काय?

कोणी म्हणेल, तुम्ही शेतकऱ्याला कर्ज बुडवायला शिकवता. नाही. खाते दुसरीकडे नेल्याने कर्ज जात नाही. सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहतो, व्याज चालू राहते. म्हणून कर्जाच्या बँकेला तोंड चुकवू नका. पीक गेले असेल तर हप्ते पाडून मागा, एकरकमी तडजोड विचारा, सगळे लेखी. १९९० ला माफी झाली, २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. प्रत्येक वेळी कागद नीट असलेल्याला लवकर मिळाली आणि बँकेपासून तोंड लपवलेला यादी शोधत फिरला. आणि भाव पाडून शेतकऱ्याला कर्जात घालणाऱ्या धोरणाविरुद्धची लढाई आपली चालूच आहे. ती लढायला माणूस मात्र जगला पाहिजे.

म्हणून दोन मागण्या या बैठकीच्या ठरावात घाला. शेतकऱ्याच्या बचत खात्यातली एका हंगामाच्या पेरणीला आणि घरखर्चाला पुरेल एवढी रक्कम, अवजारे आणि बियाण्यांप्रमाणे, कायद्याने वसुलीतून वगळा. आणि लेखी नोटीस दिल्याशिवाय कोणत्याही खात्याला होल्ड लावू नका.

ठराव मुंबईला आणि दिल्लीला जाईल, त्याला वेळ लागेल. गावातले काम मात्र उद्यापासून करता येते. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातल्या पाच थकबाकीदारांची पासबुके बघावीत. शेवटची नोंद कधीची, आधार कुठे जोडलेले, होल्ड आहे का, एवढेच टिपून घ्या. जो लाजेने बँकेत जात नाही त्याच्याबरोबर तुम्ही जा. खिडकीपाशी तो एकटा उभा असतो म्हणून मान खाली घालतो. दोघे असलात तर अर्ज देऊन, पोच घेऊन याल.

पुढच्या बैठकीला येताना त्या पोचा बरोबर आणा.